अलंकारांचे अध्यापन : आरंभ नागफणीपासून

लोणावळ्याजवळ कुरवंडे गावालगत सह्याद्रीचा एक उभा कडा कोकणाकडे पुढे आलेला आहे. लोकांनी त्यास ‘नागफणी’ म्हटले. इंग्रजांना त्याच कड्यात वेलिंग्टनच्या ड्यूकचे प्रसिद्ध नाक दिसले, म्हणून त्यांनी त्यास ‘ड्यूक्स नोज’ हे नाव दिले. कडा एक, उपमाने दोन. लोहगडाच्या लांब, चिंचोळ्या माचीस ‘विंचूकाटा’ म्हणतात, तेही असेच. मनुष्य आपल्या परिचयातील वस्तूंतून साम्य शोधतो, हे अलंकाराचे मूळ या नावांत स्पष्ट दिसते. मावळातील शिक्षकास पाठाच्या आरंभासाठी याहून जवळचे साधन नाही.

ज्याचे वर्णन करावयाचे ते उपमेय. ज्याच्याशी तुलना करावयाची ते उपमान. दोहोंतील समान गुण तो साधारण धर्म. आणि ‘सारखा’, ‘प्रमाणे’, ‘जणू’ हे साम्यदर्शक शब्द. ही चार अंगे समजल्यावर एकच कल्पना फळ्यावर पुढीलप्रमाणे फिरवून दाखवावी :

(१) उपमा – कडा नागाच्या फणीसारखा उभारला आहे.
(२) उत्प्रेक्षा – कडा म्हणजे जणू नागाची उभारलेली फणीच.
(३) रूपक – कड्याची फणी कोकणावर उभारली आहे.
(४) चेतनगुणोक्ती – कडा वाकून कोकणातील गावे न्याहाळीत आहे.
(५) अतिशयोक्ती – कड्याच्या टोकावरून हात उंचावला की चंद्र हाती लागतो.

उपमेत दोन्ही वस्तू वेगळ्या राहून सारख्या ठरतात. उत्प्रेक्षेत एक ही जणू दुसरीच आहे अशी कल्पना असते. रूपकात भेदच उरत नाही. ‘नागफणी’ या नावात तर ‘कडा’ हा शब्दही राहिला नाही. तेथे उपमानाने उपमेयास गिळून टाकले आहे.

पुष्कळ वर्गांत ‘सारखा’ दिसला की उपमा आणि ‘वाटे’ दिसले की उत्प्रेक्षा, अशी खूणगाठ बांधून दिली जाते. ती फसवी आहे. ‘गोविंदा वडिलांसारखाच उंच आहे’ ही साधी तुलना होय. तीत कल्पनेचा चमत्कार नाही. ‘आज पाऊस येईल असे वाटते’ हा केवळ अंदाज आहे. अशी दोन-तीन वाक्ये मुद्दाम देऊन ‘येथे अलंकार का नाही?’ असे विचारावे. या प्रश्नाच्या उत्तरातच विषय समजल्याची खरी कसोटी आहे.

पुढील तासास मुलांकडून स्वतःची वाक्ये घ्यावीत. पाण्याने भरलेली भातखाचरे, घाटातील धुके, पावसाळ्यातील इंद्रायणी हे विषय द्यावेत. एखादी मुलगी धुक्यास चुलीच्या धुराची उपमा देईल. ती खोडून तेथे पुस्तकातील ‘दुधाचा सागर’ लिहावयास सांगू नये. तसे केल्यास आपल्या घरातील अनुभव कागदावर उतरविण्याच्या योग्यतेचा नाही, असा तिचा समज होतो, आणि ती पुढे निबंधात पाठ केलेलीच वाक्ये लिहू लागते. तिला इतकेच विचारावे : दोहोंत समान काय? रंग, की डोळ्यांपुढचे दिसेनासे होणे? धर्म नेमका सापडला की उपमा आपोआप सुधारते.

व्याख्या शेवटी लिहून घ्यावी. उदाहरणे मुलांची असली म्हणजे ती पाठ करण्याचे श्रम फारसे उरत नाहीत.