आधी घडलं म्हणून आधी बघायचं?

दिवाळीच्या सुट्टीत भाचीनं मार्व्हलचे सगळे सिनेमे पहिल्यापासून बघायला घेतले. त्यासाठी तिनं कुठूनशी एक यादी मिळवली होती. गोष्टीतल्या घटना ज्या काळात घडतात त्या क्रमानं ती लावलेली होती. पहिला ‘कॅप्टन अमेरिका : द फर्स्ट ॲव्हेंजर’, कारण तो दुसऱ्या महायुद्धात घडतो. दुसरा ‘कॅप्टन मार्व्हल’, कारण त्यातला काळ १९९५ चा. दुसऱ्या रात्री तिचा फोन आला. “मामा, शेवटी नावं सुरू झाल्यावर चार जण एका जुन्या पेजरपाशी तोंडं पाडून उभे आहेत. एक कालचा स्टीव्ह रॉजर्स. बाकीचे तिघं कोण? आणि यांचं झालंय काय?”

त्या तिघांची ओळख व्हायला तिला अजून तीन सिनेमे लागणार होते. त्यांचं काय झालंय हे कळायला डझनाहून जास्त. यादीनं तिला दुसऱ्याच दिवशी गोष्टीच्या ऐन संकटात नेऊन उभं केलं होतं, आणि संकट कुठलं हे मात्र सांगितलं नव्हतं.

(हा लेख वाचून कुणाची मजा जाऊ नये म्हणून मोठी रहस्यं मी फोडणार नाही. कोण मरतं, कोण वाचतं हे इथे मिळणार नाही.)

गैरसमज : काळाच्या क्रमानं बघितलं की गोष्ट सरळ समजते

सगळ्यात पसरलेला समज हाच. ऐकायला तो इतका शहाणपणाचा वाटतो, की कुणी तपासून बघत नाही. पण गोष्ट घडण्याचा क्रम आणि ती सांगण्याचा क्रम हे आपल्याकडे कधीच एक नव्हते. महाभारताची सुरुवात होते नैमिषारण्यात, सौती ऋषींना कथा सांगायला बसतो तिथून. तो सांगतो ती कथा वैशंपायनानं जनमेजयाच्या सर्पसत्रात सांगितलेली, आणि जनमेजय म्हणजे अर्जुनाचा पणतू. युद्ध होऊन पिढ्या उलटल्यावर गोष्ट सुरू होते. तरी कुणी महाभारताची पर्वं सोडवून कालानुक्रमे पुन्हा शिवायला घेत नाही.

‘कॅप्टन मार्व्हल’ मार्च २०१९ मध्ये आला, एकविसावा सिनेमा म्हणून. तो बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं की समोर बसलेल्यानं आधीचे वीस पाहिलेत. त्यातला निक फ्युरीच बघा. तोवर अकरा वर्षं प्रेक्षकांनी त्याला डाव्या डोळ्यावर पट्टी बांधलेला, गंभीर, कुणावर विश्वास न टाकणारा माणूस म्हणूनच पाहिलं होतं. २०१४ च्या ‘कॅप्टन अमेरिका : द विंटर सोल्जर’मध्ये तर तो सुचवतो, की एकदा कुणावर विश्वास टाकला आणि त्यापायी डोळा गेला. प्रेक्षकांनी आपापल्या मनात त्यामागे केवढा तरी विश्वासघात रचला. २०१९ मध्ये तरुण, दोन्ही डोळ्यांचा फ्युरी समोर आला आणि डोळा जाण्याचं खरं कारण कळलं. ते कारण इतकं क्षुल्लक आहे, की थिएटरात हशा पिकला. त्या हशात पाच वर्षांची उत्सुकता जमा झालेली होती. भाचीला तो विनोद आधी मिळाला आणि त्याची पूर्वतयारी नंतर. विनोद समजावून सांगायची वेळ आली की तो मेलाच.

दुसरं नुकसान त्याहून मोठं. मे २००८ मध्ये ‘आयर्न मॅन’ आला तेव्हा नावं संपल्यावर काळ्या कोटातला एक अनोळखी माणूस नायक टोनी स्टार्कच्या अंधाऱ्या घरात उभा दिसतो आणि जगात तू एकटाच नाहीस, असं त्याला सांगतो. पुढचा सगळा डोलारा त्या अर्ध्या मिनिटावर उभा आहे. त्याचं बळ एवढ्यातच आहे, की तो माणूस कोण हे टोनीलाही ठाऊक नाही आणि आपल्यालाही नाही. ज्यानं आदल्याच दिवशी फ्युरीला नायिकेबरोबर दोन तास धावताना पाहिलं, त्याच्यासाठी ते दृश्य म्हणजे ओळखीचा माणूस दारात आला, इतकंच.

‘ब्लॅक विडो’चंही तसंच. तो घडतो २०१६ च्या ‘कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर’च्या लगेच नंतर, म्हणून काळाच्या यादीत तो तिथेच घुसवलेला असतो. प्रत्यक्षात तो आला जुलै २०२१ मध्ये, ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’नंतर दोन वर्षांनी. त्याच्या अगदी शेवटच्या दृश्यात एक थडगं आहे. कुणाचं, ते लिहीत नाही. पण यादी ते दाखवते, आणि तेही ‘एंडगेम’च्या कितीतरी आधी. ‘सिव्हिल वॉर’नंतर तो बघायचाच असेल तर नावं सुरू होताच टीव्ही बंद करावा. ‘अँट-मॅन अँड द वॉस्प’ जुलै २०१८ मध्ये, ‘इन्फिनिटी वॉर’ आणि ‘एंडगेम’ यांच्या मधे आला. त्याची जागाही तीच. त्याचा बराचसा भाग ‘इन्फिनिटी वॉर’च्या आधी घडतो म्हणून त्याला पुढे ओढलं, तर शेवटचा मिनिटभर सगळं गुपित ओकतो.

हट्टानं काळ पाळायचाच म्हटलं तरी तो पाळता येत नाही. ‘इटर्नल्स’ सुरू होतो इसवी सनापूर्वी ५००० मध्ये, मेसोपोटेमियात. ‘थॉर’ सुरुवातीलाच मागे जातो, इसवी सन ९६५ मध्ये, नॉर्वेत. मग काय, ‘इटर्नल्स’ची पहिली काही मिनिटं बघायची, सिनेमा थांबवायचा, ‘थॉर’ची थोडी बघायची, आणि मग महायुद्धाकडे वळायचं? ‘लोकी’ ही मालिका तर काळाच्या बाहेर असलेल्या एका कचेरीत घडते. ती कुठल्या साली बसवणार?

गैरसमज : कंपनीनंच अधिकृत कालक्रम दिलाय, म्हणजे तोच बघण्याचा क्रम

ऑक्टोबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या अधिकृत कालपटाचं जाडजूड पुस्तक निघालं. डिस्नेच्या ॲपवरही सिनेमे काळाच्या ओळीत मांडलेले दिसतात. त्यामुळे या समजाला बळ आलं. पण असा कालपट म्हणजे वंशावळ. सगळी माणसं ओळखीची झाल्यावर ती चाळायला मजा येते. नव्या सुनेला घरात पाऊल टाकताक्षणी सात पिढ्यांची वंशावळ वाचून दाखवत नाहीत.

शिवाय हा काळ खुद्द बनवणाऱ्यांनाही नीट सांभाळता आलेला नाही. ‘स्पायडर-मॅन : होमकमिंग’ सुरू होतो ‘द ॲव्हेंजर्स’मधल्या, २०१२ च्या न्यूयॉर्कमधल्या लढाईनंतरच्या साफसफाईनं. मग पडद्यावर पाटी येते, आठ वर्षांनंतर. म्हणजे साल झालं २०२०. पण त्याच सिनेमात नुकतंच घडून गेलेलं ‘सिव्हिल वॉर’ २०१६ चं आहे. ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’च्या दुसऱ्या भागाची गंमत याहून भारी. गोष्ट २०१४ ची. त्यात मार्व्हलचे लेखक स्टॅन ली आपण कुरिअरवाल्याच्या कामावर होतो त्या दिवसाची आठवण सांगत बसतात. ते कुरिअर त्यांनी पोचवलं ‘सिव्हिल वॉर’मध्ये, म्हणजे दोन वर्षांनंतर! दिग्दर्शक जेम्स गन यांनी ही चूक मोकळेपणानं मान्य केली. मला ती चूक आवडते.

गैरसमज : प्रदर्शनाचा क्रम म्हणजे निर्मात्यांच्या मनातला पवित्र क्रम

एवढं सगळं सांगून मी प्रदर्शनाच्या क्रमाची बाजू घेतोय हे उघड आहे. पण त्याची पूजा करणाऱ्यांचंही थोडं चुकतं. पहिल्या टप्प्यातले ‘आयर्न मॅन २’, ‘द इन्क्रेडिबल हल्क’ आणि ‘थॉर’ हे तिन्ही जवळपास एकाच आठवड्यात घडतात. मार्व्हलनं २०१२ मध्ये त्यावर कॉमिक काढलं, त्याचं नावच ‘फ्युरीज बिग वीक’. २००८ च्या ‘हल्क’चा शेवट तर २०१० च्या ‘आयर्न मॅन २’नंतरचा आहे. हे तीन कुठल्याही क्रमानं बघितले तरी फार काही बिघडत नाही.

पुढे कोविड आला आणि सगळी ओळच विस्कटली. ‘ब्लॅक विडो’ मे २०२० मध्ये येणार होता. ‘द फाल्कन अँड द विंटर सोल्जर’ ही मालिका ‘वांडाव्हिजन’च्या आधी यायची होती, ती मागून आली. ‘डॉक्टर स्ट्रेंज’चा दुसरा भाग ‘स्पायडर-मॅन : नो वे होम’च्या आधी ठरलेला, तो नंतर लागला, आणि त्यासाठी कथेत बदल करावे लागले. तरीही बघताना लागलेलाच क्रम धरावा, कारण शेवटी पटकथा त्याच क्रमाला जुळवून घेतल्या.

सगळं पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं, ही तर भाबडी समजूत. २०११ च्या ‘थॉर’मध्ये थॉरच्या वडिलांच्या, ओडिनच्या, खजिन्यात इन्फिनिटी गॉन्टलेट हा रत्नजडित हातमोजा ठेवलेला दिसतो. पुढे खलनायक थॅनॉसच्या हाती तसाच मोजा देण्याची वेळ आली तेव्हा पंचाईत झाली. मग २०१७ च्या ‘थॉर : रॅग्नारॉक’मध्ये खलनायिका हेला खजिन्यातून जाताजाता तो मोजा नकली आहे असं म्हणून ढकलून देते. सहा वर्षांची चूक एका झटक्यात निकालात. प्रदर्शनाच्या क्रमानं बघणाऱ्यालाच ही ठिगळं दिसतात, आणि शिवणकाम बघण्यातही सुख असतं.

गैरसमज : ‘हल्क’ वगळला तरी चालतो

चालायचा, पण २०२५ पर्यंतच. २००८ चा ‘द इन्क्रेडिबल हल्क’ बरीच वर्षं सावत्र मुलासारखा कोपऱ्यात पडून होता. एडवर्ड नॉर्टनच्या जागी मार्क रफलो आला, म्हणून लोकांनी तो सिनेमाच मोडीत काढला. पण त्यातला जनरल रॉस ‘सिव्हिल वॉर’मध्ये परतला. अबॉमिनेशन हा खलनायक ‘शांग-ची’त आणि ‘शी-हल्क’मध्ये दिसला. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेला ‘कॅप्टन अमेरिका : ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ तर उघडउघड त्याचाच पुढचा भाग वाटावा असा आहे. रॉसचं काम करणारे विल्यम हर्ट २०२२ मध्ये गेले, म्हणून तिथे हॅरिसन फोर्ड आहेत.

इथे आणखी एक गफलत होते. काही जण ‘हल्क’ म्हणून २००३ चा, अँग ली यांचा सिनेमा लावून बसतात. त्याचा या मालिकेशी संबंध नाही. घोटाळा साहजिक आहे, कारण तो सिनेमा संपतो दक्षिण अमेरिकेत आणि २००८ चा सुरू होतो ब्राझीलमध्ये.

गैरसमज : मार्व्हलचं नाव दिसलं की तो या मालिकेत धरायचा

नव्वदच्या दशकात मार्व्हल कंपनी डबघाईला आली होती, १९९६ मध्ये तर तिनं दिवाळखोरी जाहीर केली. त्या काळात पात्रांचे हक्क वेगवेगळ्या स्टुडिओंकडे गेले. एक्स-मेन फॉक्सकडे, स्पायडर-मॅन सोनीकडे. म्हणून टोबी मॅग्वायरचे २००२ पासूनचे तीन स्पायडर-मॅन आणि अँड्र्यू गारफील्डचे दोन ही वेगळी घरं. पण ‘नो वे होम’ बघण्याआधी ते पाचही बघावेत, कारण त्यांतले खलनायक तिथे हजर होतात. तसंच ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’च्या आधी ‘लोगन’ बघावा.

वेबमालिका मात्र सगळ्या बघायची गरज नाही. ‘डॉक्टर स्ट्रेंज’च्या दुसऱ्या भागासाठी, म्हणजे ‘मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस’साठी ‘वांडाव्हिजन’ आणि ‘द मार्व्हल्स’साठी ‘मिस मार्व्हल’ पुरे. बाकीच्या हौसेच्या.

जुलै २०२५ पर्यंत सिनेमे झाले ३७. पहिले २३ एकसंध आहेत, ‘आयर्न मॅन’पासून ‘स्पायडर-मॅन : फार फ्रॉम होम’पर्यंत, सुमारे पन्नास तासांचे. माझ्या मते तिथे थांबलं तरी काही अडत नाही. आणि कंटाळा येतो म्हणून ‘थॉर : द डार्क वर्ल्ड’ गाळू नये. ‘एंडगेम’मध्ये तोच अचानक कामाला येतो.

भाचीनं पुन्हा ‘आयर्न मॅन’पासून सुरुवात केली. तिसऱ्या सिनेमाला तिचा मेसेज आला : “कर्नल रोड्स बदलला का?” बदलला; पहिल्या ‘आयर्न मॅन’मध्ये टेरेन्स हॉवर्ड होता, दुसऱ्यापासून डॉन चीडल. परवा ती ‘द ॲव्हेंजर्स’पर्यंत पोचली. आपल्याकडे हा सिनेमा अमेरिकेच्या आठवडाभर आधी, २७ एप्रिल २०१२ ला लागला होता, तेव्हा ती बालवाडीत होती. रात्री साडेअकराला फोन वाजला, आणि तिनं काही बोलायच्या आधीच मी सांगून टाकलं, “हो, हल्कही बदललाय.”