संगणक मध्येच का बंद पडतो?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा आपला संगणक रिक्षात घालून थेट माझ्याकडे घेऊन आला. दोन वर्षे साठवलेल्या शिष्यवृत्तीच्या पैशांतून त्याने नवे ग्राफिक्स कार्ड घेतले होते. पडद्यावरची चित्रे तयार करण्यासाठी लागणारी आकडेमोड हे कार्ड करते. ते बसवल्यापासून लिहिण्या-वाचण्याची कामे सुरळीत चालत. पण खेळ सुरू केला की पाच-दहा मिनिटांत पडदा काळा होई आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू होई.

"मामा, कार्डच खराब निघालं. दुकानदार परत घेतो म्हणतोय, पण निम्म्या किमतीत. देऊन टाकू का?"

मी म्हणालो, "थांब. कार्ड नवं आहे म्हणून दोष त्याचाच, हे कशावरून? आधी पुरावा गोळा करू."

एका वेळी एकच बदल

संशयित पाच होते : कार्ड खाचेत नीट न बसणे, जुना ड्रायव्हर, अति तापणे, अपुरा वीजपुरवठा आणि स्वतः कार्ड. प्रयोगशाळेतला नियम आम्ही येथेही पाळला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे तसेच ठेवायचे आणि निष्कर्ष वहीत लिहायचा.

प्लग काढून कार्ड पुन्हा घट्ट बसवले. दोष कायम. जुना ड्रायव्हर काढून नवा घातला. दोष कायम. बंद पडण्याआधी कार्डाचे तापमान ६८ अंश सेल्सिअस होते. अशा कार्डांना एवढे तापमान सहज सोसते. मग सॉफ्टवेअरच्या साहाय्याने कार्डाची वीजमर्यादा ६० टक्क्यांवर आणली आणि काय आश्चर्य, तोच खेळ तासभर चालला! मर्यादा पुन्हा १०० टक्के करताच चौथ्या मिनिटाला पडदा काळा. शेवटी ते कार्ड माझ्या संगणकात बसवले. त्याचा पॉवर सप्लाय मोठा आहे. तेथे ते पूर्ण मर्यादेवरही बिनतक्रार चालले. कार्ड निर्दोष ठरले!

बारीक अक्षरांतला मजकूर

भाच्याच्या पॉवर सप्लायवर ठळक अक्षरांत '४५० वॅट' असे छापले होते. कार्डाला १७०, प्रोसेसरला ६५ आणि पंखे, डिस्क वगैरेंना सुमारे २० असे एकूण २५५ वॅट लागणार. मग ४५० का पुरू नयेत? उत्तर त्याच लेबलावर बारीक अक्षरांत होते : १२ व्होल्ट, १६ अँपिअर.

शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले विद्युतधारा, हे सूत्र तुम्हाला ठाऊक आहेच. १२ × १६ = १९२ वॅट. बाकीचे वॅट ५ व ३.३ व्होल्टच्या तारांच्या वाट्याचे होते. कार्ड आणि प्रोसेसर मात्र मुख्यतः १२ व्होल्टवर चालतात. आता ६० टक्क्यांचा हिशेब करून पाहा : १०२ + ६५ + २० = १८७. म्हणजे १९२ च्या आत!

गिझरपेक्षाही जास्त अँपिअर

२३० व्होल्टवर चालणारा २००० वॅटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर धारा घेतो. १७० वॅटचे हे कार्ड १२ व्होल्टवर सुमारे १४ अँपिअर घेते! विभवांतर कमी, म्हणून धारा जास्त. ओहमच्या नियमाप्रमाणे वाटेत केवळ ०.०५ ओहम रोध असला तरी १४ × ०.०५ = ०.७ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि कार्डापर्यंत ११.३ पोहोचतात. संगणकात १२ व्होल्टच्या पुरवठ्याला साधारण ५ टक्के फरक चालतो, म्हणजे ११.४ पर्यंत. म्हणूनच कार्डाला जाड आणि अनेक तारा जोडलेल्या असतात.

विहिरीवरचा पंप सुरू होताच घरातला दिवा क्षणभर मंदावतो, हे तुम्ही पाहिले असेल. तसेच येथेही, क्षमतेबाहेर भार पडला की पॉवर सप्लायचे विभवांतर घसरते. ते मर्यादेखाली गेले की मदरबोर्डला मिळणारा 'सर्व ठीक' हा संकेत थांबतो आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ही त्याची स्वसंरक्षणाची व्यवस्था आहे.

भाच्याने १२ व्होल्टवर ४५ अँपिअर देणारा ५५० वॅटचा पॉवर सप्लाय घेतला. कार्ड निम्म्या किमतीत विकून जेवढे नुकसान झाले असते, त्याहून हा खर्च बराच कमी होता. गंमत म्हणजे कार्डाच्या खोक्यावर 'किमान ५५० वॅट' असे पहिल्यापासूनच छापलेले होते. त्याने खोके जपून ठेवले होते, पण वाचले नव्हते!

एक सूचना मात्र कायम लक्षात ठेवा. पॉवर सप्लायची पेटी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यातील धारित्रांत धोकादायक विद्युतप्रभार शिल्लक राहू शकतो. लेबल बाहेरूनच वाचता येते. मोठ्यांच्या देखत, प्लग काढून, तुमच्या शाळेतल्या किंवा घरातल्या संगणकाचे लेबल पाहा आणि १२ व्होल्टवर तो किती वॅट देऊ शकतो, याचे गणित करा.