आधी ब्रेक की आधी क्लच?

१ जून १९४८ या दिवशी पुणे-नगर रस्त्यावर एक बेडफर्ड बस धावली. ही आपल्या एस.टी.ची पहिली बस. (तेव्हाचे अहमदनगर म्हणजे आताचे अहिल्यानगर.) चालक होते किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. वाटेत शिरूर लागत होते. प्रवासी चढले की घंटा वाजायची आणि गाडी हलायची. पुन्हा घंटा वाजली की गाडी थांबायची. तिकिटाचे काम वाहकाच्या हाती होते, पण गाडी थांबवणे आणि हलवणे हे काम चालकाच्या पायांचे होते.

तेव्हापासून मोटारींमध्ये पुष्कळ सुधारणा झाल्या. शिरूर तालुक्यातच, रांजणगावला, मोटारींचा मोठा कारखाना उभा राहिला. परंतु हाताने गिअर बदलण्याची गाडी शिकणाऱ्या माणसाला पडणारा पहिला प्रश्न मात्र अजून तोच आहे: गाडी थांबवताना आधी ब्रेक दाबायचा की आधी क्लच?

हा प्रश्न चार जणांना विचारून पाहा. एक म्हणेल, "आधी क्लच, नाही तर गाडी बंद पडेल." दुसरा म्हणेल, "आधी ब्रेक." तिसरा म्हणेल, "दोन्ही एकदम दाबा आणि मोकळे व्हा!" बरोबर कोण? याचा निकाल मतांवर नव्हे, विज्ञानावर लावायचा आहे. तर चला, समजा आपण मामांच्या गाडीत बसलो आहोत आणि शिरूरहून न्हावरे, चौफुला, पाटस असे करत दौंडला निघालो आहोत.

इंजिनाची अडचण

मामांच्या पायाशी तीन पेडल आहेत. उजवीकडून डावीकडे अॅक्सिलरेटर, ब्रेक आणि क्लच. पहिल्या दोन्हींसाठी उजवा पाय, क्लचसाठी डावा. म्हणजे वेग वाढवणे आणि कमी करणे ही दोन्ही कामे एकाच पायाकडे आहेत. ही योजना मुद्दामच केलेली आहे. एक पाय एका वेळी एकच काम करतो. त्यामुळे वेग वाढवत असतानाच ब्रेक दाबण्याची चूक होत नाही.

आता क्लच कशाला हवा? पेट्रोल किंवा डिझेलवर चालणाऱ्या इंजिनाची एक मोठी अडचण आहे. त्याला शून्यापासून जोर लावता येत नाही. गाडी उभी असतानाही त्याला मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेत फिरत राहावे लागते. त्याहून फार हळू फिरायला लावले, तर ते आचके देऊन बंद पडते. चाके मात्र थांबलेली असतात. फिरणारे इंजिन आणि थांबलेली चाके यांना एकमेकांशी जोडायचे कसे?

ते काम क्लचचे. इंजिनाला एक जड चाक असते, त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याच्यासमोर एक खरखरीत चकती असते, ती क्लच प्लेट. ही चकती गिअरबॉक्सला आणि तिथून पुढे चाकांना जोडलेली असते. जोरदार स्प्रिंग या चकतीला फ्लायव्हीलवर दाबून धरते, तेव्हा घर्षणामुळे दोन्ही एकजीव होऊन फिरतात. आपण क्लच दाबला की ती सुटी होते. लक्षात घ्या, पेडल दाबल्यावर जोडणी तुटते आणि पेडल सोडल्यावर जोडणी होते.

मामा गाडी हलवताना क्लच एकदम सोडत नाहीत. हळूहळू वर येऊ देतात. तेव्हा चकती थोडी घसरत, थोडी पकडत फिरू लागते. यालाच 'हाफ क्लच' म्हणतात. क्लच झटक्यात सोडला तर फिरत्या इंजिनाला थांबलेल्या गाडीचे सगळे वजन एका क्षणात ओढावे लागते. गाडी उडी मारते आणि बंद पडते. उलट, हाफ क्लचवर फार वेळ राहिले तर चकती घासून तापते आणि जळका वास येतो. क्लचवर पाय ठेवून विसावण्याची सवय त्यासाठीच वाईट.

निकाल लागला!

न्हावऱ्याच्या अलीकडे पुढे गतिरोधक दिसतो. मामांची गाडी वरच्या गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे. आपण मागून ओरडतो, "मामा, क्लच दाबा ना, गाडी बंद पडेल!" मामा मात्र फक्त ब्रेक दाबतात आणि गाडी काही बंद पडत नाही. असे का?

थोडे गणित करू. समजा, चाकाचा घेर पावणेदोन मीटर आहे आणि वरच्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे साडेतीन फेरे होतात. इंजिन ८०० फेरे घेते तेव्हा चाकाचे सुमारे २२९ फेरे होतील. म्हणजे गाडी मिनिटाला ४०० मीटर, अर्थात ताशी २४ किलोमीटर चालेल. याचा अर्थ असा, की वेग २४-२५ च्या वर आहे तोवर इंजिन बंद पडण्याचे काहीच कारण नाही. पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे सुमारे १४ फेरे होतात. तेथे ही मर्यादा ताशी ६ किलोमीटरवर येते. गाडीगाडीप्रमाणे हे आकडे थोडे बदलतील, तत्त्व तेच राहील.

म्हणून नेहमीच्या थांबण्यात आधी ब्रेक. वेग उतरत उतरत त्या गिअरच्या मर्यादेजवळ आला, इंजिन थरथरू लागले, की मग क्लच. पुढे जायचे असेल तर खालचा गिअर, थांबायचे असेल तर न्यूट्रल.

आधी क्लच दाबल्याने काय बिघडते? मामांनी अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, तरी चाके इंजिनाला फिरवतच असतात. सिलिंडरमधला दट्ट्या खालीवर करण्यात, आतल्या घर्षणात गाडीची शक्ती खर्च होते. म्हणजे इंजिनच गाडीला मागे ओढते. हा फुकटचा ब्रेक आहे. क्लच दाबला की तो हातचा जातो आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर पडतो.

मग "दोन्ही एकदम" हे अगदीच चूक का? नाही. रस्त्यात अचानक कुणी आडवे आले, तर गिअरचा विचार करायला वेळ नसतो. तेव्हा ब्रेक आणि क्लच दोन्ही पूर्ण ताकदीने दाबायचे. क्लच दाबल्यामुळे इंजिन चालू राहते, आणि इंजिन चालू असले तर ब्रेकला व स्टिअरिंगला त्याची मदत मिळत राहते. पूर्वी ब्रेक इतका जोरात दाबला की चाके जागच्या जागी अडकून गाडी घसरत जाई. आता एबीएस नावाची यंत्रणा ब्रेकचा दाब सेकंदाला अनेक वेळा कमीजास्त करून चाके फिरती ठेवते. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची आहे.

वेग दुप्पट, अंतर चौपट

भीमा ओलांडून आपण चौफुल्याला आलो. येथून पुणे-सोलापूर महामार्ग. हंगामाचे दिवस आहेत आणि उसाने भरलेल्या ट्रॉल्या व बैलगाड्या कारखान्यांकडे निघाल्या आहेत. संध्याकाळ होते आहे.

गाडीला वेग असतो तेव्हा तिच्यात गतिज ऊर्जा असते. वेग दुप्पट झाला तर ही ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. थांबायचे म्हणजे या सगळ्या ऊर्जेची घर्षणाने उष्णता करायची. १००० किलोग्रॅम वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगावरून थांबली, तर जेवढी उष्णता तयार होते, तेवढ्यात पाऊण लिटर पाणी उकळेल. घरातल्या सगळ्यांचा चहा होईल! मामांच्या ब्रेकला ती काही सेकंदांत पचवावी लागते.

शिवाय डोळ्याला धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी पूर्वीच्याच वेगाने पुढे जाते. चांगला कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक धरून हिशेब असा येतो. ताशी ४० किलोमीटरला विचाराचे ११ मीटर व ब्रेकचे १० मीटर, एकूण २१. ताशी ६० ला एकूण ४०. ताशी ८० ला विचाराचे २२ व ब्रेकचे ४१, एकूण ६३ मीटर.

आता समजा, मागे दिवा नसलेली उसाची बैलगाडी अंधारात ५० मीटरवर आल्यावरच दिसली. ४० आणि ६० च्या वेगाने येणारी मोटार बैलगाडीच्या अलीकडेच थांबेल. ८० ने येणारी? ती थांबणार नाही. चालकाने एकही चूक न करता ब्रेक दाबला, तरी ती ताशी ४५ किलोमीटरच्या वेगाने बैलगाडीवर आदळेल. पावसाने रस्ता ओला असेल तर याहूनही वाईट.

तुमच्या घरची किंवा शेजारची गाडी उसाला जात असेल, तर तिच्या मागे प्रकाश परतवणारी लाल पट्टी आहे ना, हे आजच पाहा. ती पट्टी मागच्या चालकाला ५० मीटरऐवजी पुष्कळ दुरून दिसते. त्याला जास्तीचे मीटर मिळतात. कोणत्याही ब्रेकला जे जमणार नाही, ते काम ती छोटी पट्टी करते.

उताराचा मोह

शिरूर-दौंडचा मुलूख तसा सपाट. पण येथली वाहने मुंबईकडे बोरघाटातून जातात, साताऱ्याकडे कात्रजवरून जातात. उतार लागला की काही चालकांना मोह होतो: न्यूट्रल करा, इंजिन बंद करा, गाडी आपोआप जाईल आणि डिझेल वाचेल.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या नवले पुलाजवळ उतारावरून आलेल्या एका ट्रकने एकामागून एक अनेक वाहनांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद करून ट्रक न्यूट्रलमध्ये सोडला होता, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात सांगण्यात आले.

यात काय होते ते पाहा. गिअर नाही, म्हणजे इंजिनाचा फुकटचा ब्रेक गेला. चालक सारखा पायाचा ब्रेक दाबतो. ब्रेकचे भाग तापत जातात; फार तापले की त्यांची पकड कमी होते. मोटारीत तर ब्रेकचे तेल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होऊ शकतात. द्रव दाबला जात नाही, म्हणूनच पास्कलच्या नियमाप्रमाणे तो पायाचा दाब चाकापर्यंत पोचवतो. बुडबुडे मात्र दाबले जातात. पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही! जड ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, आणि ती हवा भरणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, तर पंप बंद.

बरे, इंधन तरी वाचते का? आजच्या बहुतेक इंजिनांमध्ये गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला, तर उतारावर इंधनाचा पुरवठाच बंद होतो. चाकेच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जाळावे लागते. म्हणजे गिअरमध्ये उतरणेच स्वस्त आणि सुरक्षितही. जुन्या चालकांचा नियम सोपा होता: घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये उतरावा.

दौंडच्या फलाटावर

पोचलो एकदाचे दौंडला! फलाटावर गाडी उभी आहे. आता एक कोडे. पूर्वी या जंक्शनवर वाफेची इंजिने येत. त्यांना क्लच का नव्हता?

उत्तर सोपे आहे. वाफ दट्ट्याला शून्य वेगापासूनच पूर्ण जोराने ढकलू शकते. विजेच्या मोटरचेही तसेच. म्हणून विजेच्या रेल्वे इंजिनाला क्लच नाही आणि विजेवर चालणाऱ्या मोटारगाडीलाही क्लचचे पेडल नसते. इतकेच नव्हे, तर आधुनिक विजेची इंजिने ब्रेक लावताना आपल्या मोटरचे जनित्र करतात आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत पाठवतात. जी ऊर्जा मामांच्या गाडीत उष्णता होऊन वाया गेली, ती येथे पुन्हा कामाला येते.

पण रेल्वेला थांबायला जागा फार लागते. पोलादी रुळावर पोलादी चाक, त्यामुळे घर्षण कमी आणि वजन प्रचंड. वेगात आलेल्या मालगाडीला थांबायला एक किलोमीटरही लागू शकतो. फाटक बंद असताना खालून वाकून जाणाऱ्याने हे आठवावे. इंजिनचालकाला तो दिसतो, पण गाडी थांबवता येत नाही.

करून पाहा

शाळेच्या मोकळ्या मैदानावर, शिक्षकांना बरोबर घेऊन, खडूने एक रेघ मारा. सायकल हळू चालवत आणा आणि रेघेवर येताच मागचा ब्रेक लावा. किती अंतरावर थांबली ते मोजा. मग साधारण दुप्पट वेगाने तेच करा. अंतर दुप्पट येते की जवळजवळ चौपट?

क्लचसाठी जाड पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापा. प्रत्येकीवर पॉलिश कागद चिकटवा आणि मधोमध पेन्सिल घट्ट बसवा. दोन्ही चकत्यांच्या खरखरीत बाजू समोरासमोर धरा. एक फिरवत राहा आणि दुसरीला हलकेच टेकवा. आधी घसरेल, मग दोन्ही बरोबर फिरतील. हाच हाफ क्लच!

गाडीचा परवाना मिळायला तुम्हाला अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतील. पण रस्ता तर तुम्ही रोजच ओलांडता. समोरून येणारी गाडी "थांबेलच" असे समजून धावत सुटण्याआधी तिचा वेग पाहा, आणि ते २१, ४० व ६३ मीटर आठवा.