घोड्याचे मोल

बीजगणिताचा आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्यास बहुधा एक मंत्र प्रथम पाठ करावयास मिळतो: 'बाजू बदलली की चिन्ह बदलते.' हा मंत्र खोटा नाही. परंतु तो खरा का आहे, हे ज्यास कोणी सांगितले नाही तो विद्यार्थी कंस आला किंवा ऋण संख्या आली की गोंधळतो, आणि हा विषय आपणास साधावयाचा नाही अशी समजूत करून घेतो. त्या मंत्रामागील कारण समजण्यासाठी एक जुने उदाहरण आपण पाहू.

भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ मधील. 'सिद्धांतशिरोमणी' त्यांनी इ. स. ११५० मध्ये रचला आणि 'बीजगणित' हा ग्रंथ त्याचाच एक भाग मानला जातो. त्यातील एक प्रश्न असा: एकापाशी रोख ३०० व ६ घोडे आहेत. दुसऱ्यापाशी १० घोडे आहेत, पण त्यास १०० चे ऋण आहे. सर्व घोडे सारख्याच किमतीचे आहेत व दोघांची संपत्ती समान आहे. तर एका घोड्याचे मोल काय?

मोल ठाऊक नाही, म्हणून ते 'अव्यक्त' होय. भास्कराचार्य अव्यक्तास 'यावत्तावत्' म्हणतात व 'या' या अक्षराने ते दर्शवितात. ज्ञात संख्येपुढे 'रू', म्हणजे रूप, लिहितात. ऋण संख्येच्या माथ्यावर ते बिंदू देत. येथे आपण आजचे वजाचिन्ह वापरू. दोन्ही पक्ष एकाखाली एक असे मांडले जात:

या ६ रू ३००
या १० रू −१००

या मांडणीतच अर्धे उत्तर आहे. 'या'खाली 'या' येतो आणि 'रू'खाली 'रू'. घोडे व रोकड यांची बेरीज करून तीनशे सहा असे काही म्हणता येत नाही. सजातीय पदेच एकमेकांत मिळवावयाची किंवा एकमेकांतून वजा करावयाची. अव्यक्ताचा वर्ग आला तर त्यासाठी 'याव' असा तिसरा रकाना होतो. आज आपण ज्यास बहुपदी म्हणतो, तिच्या बेरजेचा नियम याहून निराळा नाही.

आता दोन समान राशींतून समान भाग काढला तर बाकीही समान राहते. म्हणून दोघांकडील सहा-सहा घोडे बाजूस काढू. पहिल्यापाशी ३०० उरतात. दुसऱ्यापाशी ४ घोडे व १०० चे ऋण. मग दोघांसही शंभर-शंभर देऊ. दुसऱ्याचे ऋण फिटते, पहिल्याचे ४०० होतात. चार घोड्यांचे मोल ४००, एकाचे १००. येथे कोणतेही पद उडी मारून पलीकडे गेले नाही; दोन्हीकडे एकच क्रिया झाली. ऋण १०० डावीकडे धन १०० झालेले दिसते ते एवढ्याचमुळे.

त्याच प्रश्नाचे आणखी दोन प्रकार आचार्य विचारतात. पहिल्याच्या संपत्तीच्या निम्म्यात २ मिळविले असता दुसऱ्याची संपत्ती होत असेल, तर मोल किती? आजच्या लेखनाने, ३क्ष + १५० + २ = १०क्ष − १००. तीन-तीन घोडे काढून व शंभर-शंभर देऊन ७क्ष = २५२, म्हणून मोल ३६.

तिसरा प्रकार अधिक बोधप्रद आहे. पहिल्याची संपत्ती दुसऱ्याच्या तिप्पट असेल, तर ६क्ष + ३०० = ३(१०क्ष − १००). विद्यार्थी येथे हमखास चुकतात: ते दहा घोड्यांची तिप्पट करतात आणि ऋण तसेच ठेवतात. मग २४क्ष = ४०० होऊन मोल १६ पूर्णांक २/३ येते. अपूर्णांक पाहून शंका यावी, परंतु अपूर्णांक हा काही चुकीचा पुरावा नव्हे. पुरावा पडताळ्यात आहे. हे मोल धरले तर पहिल्याचे ४०० होतात, दुसऱ्याचे ६६ पूर्णांक २/३, व त्यांची तिप्पट अवघी २००. संपत्ती तिप्पट करावयाची तर ऋणही तिप्पट झाले पाहिजे: ६क्ष + ३०० = ३०क्ष − ३००, म्हणजे २४क्ष = ६०० व मोल २५. पडताळा पाहा: पहिल्याचे १५० व ३०० मिळून ४५०; दुसऱ्याचे २५० वजा १००, म्हणजे १५०. पडताळ्यास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही, आणि तरीही उत्तरपत्रिकांत तो क्वचितच आढळतो.

एक प्रश्न मात्र आपला आपणच विचारून पाहावा. मूळच्या उदाहरणात दुसऱ्यापाशीही सहाच घोडे असते, तर? दोन्हीकडील घोडे काढल्यावर ३०० = −१०० असे उरते. मोल कितीही धरले तरी हे खरे होणार नाही; असे दोघे समान श्रीमंत असूच शकत नाहीत. उलट, घोडे सहा-सहा व रोकडही तीनशे-तीनशे असती, तर कोणतेही मोल चालले असते, आणि प्रश्न विचारणाऱ्यास घोड्याची किंमत बाजारात जाऊनच विचारावी लागली असती.