जानवे करमुक्त, लंगोट करपात्र!

तासगावचा बेदाणा देशभर जातो. तो निवडायला बसणाऱ्या बाया मात्र दिवस उजाडायच्या आत घर सोडतात. अंगावर पिणारे लेकरू सोबत न्यावेच लागते. शेडच्या कडेला साडीची झोळी बांधायची, एक डोळा बेदाण्यावर आणि एक डोळा झोळीवर. मध्यंतरी अशीच एक भगिनी दुकानात आमच्या पुढे उभी होती. तिने डायपर मागितला. पुडा नव्हे, सुट्टा एकच. दहा रुपये मोजले आणि निघून गेली. तिला पावती मिळाली नाही. त्या दहा रुपयांत आपण सरकारला करही भरला, हेही तिला कुणी सांगितले नाही.

"गरीब कर भरत नाहीत, ते फक्त सवलती घेतात," असे म्हणणाऱ्यांनी या दहा रुपयांचा हिशेब मांडावा.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. बाळाच्या डायपरवर १२ टक्के, दुधाच्या बाटलीवर १२ टक्के आणि डब्यातल्या शिशुआहारावर १८ टक्के कर बसला. त्याच वेळी करमुक्त वस्तूंची यादीही निघाली. त्या यादीत जानवे आहे, रुद्राक्षाची माळ आहे, पंचगव्य आणि पंचामृत आहे, लाकडी खडावा आहेत, कुंकू आणि काजळही आहे. म्हणजे बाळाला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचे काजळ करमुक्त आणि त्याच बाळाला कोरडे ठेवणारा लंगोट करपात्र! आमचा आक्षेप कुणाच्या श्रद्धेवर नाही. जनतेचे पोषण आणि आरोग्य सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम ४७ सांगते. मग बाळाच्या आधी जानव्याचा नंबर कसा लागला, एवढाच आमचा प्रश्न आहे.

जुलै २०१८ मध्ये सॅनिटरी नॅपकिन करमुक्त झाले. देशभरातल्या महिलांनी आवाज उठवला म्हणून झाले. करयादीत त्याच शीर्षकाखाली असलेला बाळाचा डायपर मात्र १२ टक्क्यांतच राहिला. का? बाळ मोर्चा काढत नाही म्हणून!

अखेर २२ सप्टेंबर २०२५ पासून डायपर, बाटली आणि शिशुआहार ५ टक्क्यांवर आले. याचे आम्ही स्वागत करतो. पण त्या भगिनीच्या पदरात काय पडले? दहा रुपयांत आधी सुमारे १ रुपया ७ पैसे कर होता, आता सुमारे ४८ पैसे आहे. किंमत दहाच राहिली, तर मधले जवळपास ६० पैसे कंपनीच्या किंवा दुकानदाराच्या खिशात जातात. बिस्किटाच्या पुड्यात एक बिस्कीट वाढवता येते, एका डायपरचा सव्वा डायपर होत नाही. मोठा पुडा घेणाऱ्याला कपात दिसते, सुट्टे घेणाऱ्याला दिसत नाही. करकपातीचा लाभ ग्राहकाला दिलाच पाहिजे, असे कायद्याचे कलम १७१ बजावते. परंतु त्या कलमाखाली नवी तक्रार घेणे १ एप्रिल २०२५ पासूनच बंद झाले आहे. कपात आली तेव्हा तक्रारीचे दार आधीच लागलेले होते!

काही जण म्हणतील, आईचे दूधच उत्तम, बाटलीला सवलत कशाला? आईचे दूध उत्तमच. म्हणूनच १९९२ च्या कायद्याने डब्यातले दूध, बाटली आणि शिशुआहार यांच्या जाहिरातीला बंदी केली. ती योग्यच आहे. पण बंदी कंपनीच्या जाहिरातीवर आहे. आईच्या नाइलाजावर कर लावा, असे तो कायदा सांगत नाही.

बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना हेच दुखणे दाखवले होते. उत्पन्न नसेल तर प्राप्तिकर लागत नाही, शेतसारा मात्र गरीब शेतकऱ्यालाही चुकत नाही, हा अन्याय त्यांनी मांडला. पुढच्याच वर्षी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, मातेच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित आहे आणि त्याचा मोठा भार सरकारने उचलावा, असे ते म्हणाले. भार उचलणे दूरच, आज सरकार त्याच मातेकडून कर वसूल करते.

नुसती करमाफीही पुरेशी नाही. करमुक्त वस्तू बनवणाऱ्याला कच्च्या मालावर भरलेला कर परत मिळत नाही, तो किमतीत दडून राहतो. निर्यातीला मात्र 'शून्य दर' आहे, तिथे मागचा करही परत मिळतो. ब्रिटनमध्ये १९७३ साली मूल्यवर्धित कर आला तेव्हापासून लहान मुलांचे कपडे आणि बूट शून्य दरात आहेत. आपल्या मालावर परदेशी ग्राहकाला जी सूट आहे, ती आपल्या बाळाला का नाही?

वस्तू व सेवा कर परिषदेत दोन तृतीयांश मताधिकार राज्यांचा आहे. त्यामुळे 'दिल्लीचा विषय आहे' म्हणून महाराष्ट्राला हात झटकता येणार नाहीत. तासगावच्या कार्यकर्त्यांनी बेदाण्याच्या शेडवर जावे, आयाबहिणींच्या सह्या घ्याव्यात आणि हा शून्य दराचा प्रश्न आमदारांमार्फत राज्याच्या अर्थमंत्र्यांपर्यंत न्यावा. बाळाला मोर्चा काढता येत नाही. आपल्याला येतो.