कापडकामाला गोंद कोणता? आधी पारखा, मग चिकटवा

बारामती व इंदापूर परिसरात घरबसल्या ओढणीवर कुंदन, आरसे, टिकल्या लावणाऱ्या, जुजदान, सरपोश शिवणाऱ्या भगिनी आमच्याकडे कापड-लेस घेण्यास येतात. त्यांचा नेहमीचा सवाल असतो, "चांगला गोंद कोणता?" आम्ही उलट विचारतो, "वस्तू पाण्यात जाणार की नाही?" निवड या जबाबावरच ठरते. खडे सुटले, तर माल परत येतो आणि नुकसान बहुधा कारागिराच्याच मजुरीतून कापले जाते.

पांढरा फेव्हिकॉल १९५९ पासून बाजारात आहे. तो मुळात लाकूडकामाचा. जुजदानाच्या पुठ्ठ्याला मखमल लावण्यास उत्तम. पण साधा पांढरा गोंद पाण्यात पुन्हा नरम पडतो व वाळल्यावर कापड कडक करतो. धुण्याच्या कपड्याला 'फॅब्रिक ग्लू' लिहिलेली, धुलाईस चालणारी बाटलीच घ्यावी. तीही पुरती वाळू द्यावी. घाईने धुतल्यास पकड राहत नाही.

झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद सुती कापडावर मुळीच वापरू नये. सुतावर पडताच तो एकदम तापतो, धूर निघतो, बोट भाजते. रबरी गोंदाची पकड चांगली, पण तो लवकर पेट घेतो; चुलीजवळ ठेवू नये. ड्रायक्लीनिंगमध्येही तो सुटू शकतो. ग्लू-गनची कांडी तोरणाला, फुलांना ठीक. इस्त्री लागली की वितळते.

शर्टाच्या कॉलरीत घालतात त्या पेस्टिंग बकरमला गोंदाचे बारीक ठिपके असतात. ते उष्णता, दाब व वेळ या तिन्हींनी बसतात. म्हणून घरी इस्त्री सरकवू नये, दाबून धरावी.

नव्या कापडाला खळ असते. ती धुऊन काढल्याशिवाय गोंद धाग्यात मुरत नाही. जॉर्जेट, शिफॉनखाली प्लास्टिकचा कागद घालावा, नाहीतर गोंद आरपार जातो.

ऑर्डर घेण्यापूर्वी त्याच कापडाच्या तुकड्यावर खडा लावा, दिवसभर वाळवा, धुवा, इस्त्री करा. टिकला तरच माल हाती घ्या. गोंदाचा खर्च मजुरीत धरा आणि 'फक्त ड्रायक्लीन' की 'हाताने धुवा', ते गिऱ्हाइकाला आधीच साफ सांगा. धंद्यात भरवसा असाच टिकतो.