नाणेघाटाचा लेख आणि शैलीपत्रकाचे नियम

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून ज्या नाणेघाटाची चढण सुरू होते, त्याच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहनकालीन ब्राह्मी लेख असून त्याची बरीच अक्षरे झिजली असल्याने, प्रत्यक्ष वाचलेला आणि अभ्यासकाने तर्काने भरलेला मजकूर यांतील भेद प्रत्येक आवृत्तीत स्पष्ट दाखवावा लागतो. अशा शिलालेखांसाठी जगभर रूढ असलेल्या ‘एपिडॉक’ पद्धतीत मजकूर एक्सएमएलमध्ये, म्हणजे प्रत्येक भाग काय आहे हे सांगणाऱ्या खुणांच्या जोडीत ठेवतात. भरलेल्या अक्षरांभोवती ‘सप्लाइड’ ही खूण येते, मात्र ती अक्षरे कशी दिसावीत हे तेथे नमूद नसते. ते काम १९९९ साली प्रमाणित झालेल्या एक्सएसएलटी भाषेतील शैलीपत्रक करते. त्यातील नियमाला ‘टेम्प्लेट’ म्हणतात आणि ‘सप्लाइड’ आढळताच आतील मजकूर चौकोनी कंसात छापावा, असा एकच नियम संपूर्ण लेखाला लागू पडतो. दुसऱ्या शैलीपत्रकात कंसाऐवजी फिकट रंग सांगितला, तर मूळ फाइलला हात न लावता विद्यार्थ्यांसाठी निराळे पान तयार होते. नवशिक्याने एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: एखाद्या खुणेसाठी नियम लिहिला नाही, तरी अंगभूत नियमांमुळे आतील मजकूर सहसा जसाच्या तसा उतरतो आणि तर्काने भरलेले अक्षर दगडावर वाचलेले म्हणून खपून जाते.